वाचकांचे प्रश्न : केबिन चेसिसवर परत बसवताना

सीमाभागातल्या अनेक घरांच्या आवारात, तंबाखूच्या वखारीमागे किंवा गुऱ्हाळाच्या छपराखाली, एखादी जुनी पिकअप अजून उभी असते आणि कधीतरी घरातल्या एखाद्याला ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे त्या कामाच्या एकाच टप्प्याविषयी आहेत. केबिन उतरवून झाली, चेसिस, इंजिन आणि पत्रा यांची कामे उरकली. आता ती केबिन परत जागेवर कशी बसवायची, हा सर्वांचा प्रश्न आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या काही अडचणींचे मूळही तिथेच सापडते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळची, १९५१ सालची शेव्हरोले पिकअप आहे. तंबाखूची पोती वाहण्यासाठी ती घेतली होती. मागच्या वर्षी केबिन उतरवून तिचा तळाचा पत्रा आणि मागचे दोन्ही कोपरे नवे केले, चेसिस घासून रंगवली. केबिनचे रंगकाम पुरे झाल्यावर ती बसवली आणि सगळे बोल्ट आवळले. आवळण्यापूर्वी दोन्ही दरवाजे बऱ्यापैकी लागत होते. आता चालकाच्या बाजूचा दरवाजा लावताना खाली घासतो आणि दुसऱ्या बाजूच्या दरवाजावरची उठावदार रेघ केबिनवरच्या रेघेपेक्षा वर दिसते. बिजागऱ्या गरम करून वाकवाव्या लागतील असे मिस्त्री म्हणतात. तसे करावे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बिजागऱ्यांना अजून हात लावू नये. आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आहे. बोल्ट आवळण्यापूर्वी दरवाजे लागत होते आणि आवळल्यावर बिघडले, याचा अर्थ बिघाड बिजागरीत नसून केबिन चेसिसवर जिथे टेकते त्या जागांमध्ये आहे. केबिन दिसायला भक्कम वाटली, तरी दोन्ही बाजूंना दरवाजांची मोठी भगदाडे असलेला तो पत्र्याचा पोकळ सांगाडा असतो. पुढचा खांब आणि मागचा खांब यांना जोडणारी वस्तू म्हणजे वर छताची कड आणि खाली उंबऱ्याचा पत्रा, एवढीच. एखादा कोपरा बोल्टने दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली ओढला, की तो पत्रा निमूटपणे वाकतो आणि त्याची तक्रार दरवाजाच्या फटीत उमटते. डगमगणाऱ्या चौरंगाच्या अधांतरी पायाखाली आपण चकती सरकवतो, तो पाय खिळ्याने जमिनीला ठोकून बसवत नाही. केबिनच्या बाबतीत मात्र घाईत नेमके तेच केले जाते.

मिस्त्रींना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या भागातल्या बॉडी बांधणाऱ्यांचा हात अँगल, लाकूड आणि पत्रा यांच्या ट्रकबॉडीवर बसलेला असतो आणि तिथे दरवाजा शेवटी जुळवून घेणे हीच रीत असते. कारखान्यात साच्यातून काढलेल्या केबिनचे गणित वेगळे आहे. तिथे दरवाजा हे मोजमापाचे साधन मानावे आणि दुरुस्ती खाली, टेकूंपाशी करावी. बिजागरी तापवून वाकवली तर आजचा दरवाजा कदाचित लागेल, पण केबिन वाकडीच राहील. पुढे मडगार्ड आणि बॉनेट बसवताना तोच वाकडेपणा दुसऱ्या जागी डोके वर काढील, आणि बिजागरीभोवतीचा नवा रंग करपेल तो वेगळाच.

प्रथम सगळे बोल्ट सैल करावेत. काढून टाकू नयेत. नट चार-पाच आट्यांवर अडकलेले असू द्यावेत, म्हणजे केबिन केवळ स्वतःच्या वजनाने बसेल. या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट फरशीवर उभी असावी आणि इंजिन व गिअरबॉक्स चेसिसवर चढवलेले असावेत. नुसती चेसिस मध्येच घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवून केबिन जुळवली, तर इंजिनाचे वजन आल्यावर चेसिस किंचित लवते आणि आधीची सगळी जुळणी फुकट जाते.

मग चेसिस सरळ आहे की नाही ते पाहावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर समोरासमोर येणाऱ्या मूळ छिद्रांच्या जोड्या निवडाव्यात, प्रत्येक छिद्रातून ओळंबा सोडून त्याचे टोक जिथे येईल तिथे फरशीवर खडूने बारीक फुली करावी, आणि गाडी ढकलून बाजूला काढावी. फरशीवर राहिलेल्या फुल्यांचे कर्ण टेपने मोजावेत. दोन कर्णांत एखाद्या सुताचा, म्हणजे तीनेक मिलिमीटरचा, फरक निघाला तर या वयाच्या गाडीत तो खपवून घ्यावा. अर्ध्या इंचाचा फरक असेल, तर केबिनचा विचार सोडून आधी चेसिस सरळ करणाऱ्याकडे जावे. एक दांडी वर आणि दुसरी खाली, असा पीळ असेल तर तो कर्णांत दिसत नाही. त्यासाठी दोन्ही दांड्यांवर आडवी सरळ पट्टी टाकून पुढे, मध्ये आणि मागे पाणसळ धरावी लागते.

चेसिस ठीक निघाली, की सैल बसलेल्या केबिनच्या प्रत्येक टेकूपाशी विजेरी घेऊन बसावे आणि पातळ पत्र्याची पट्टी रबराच्या वर-खाली सरकवून पाहावी. जिथे पट्टी सहज जाते, तिथे केबिन अधांतरी आहे. आपल्या बाबतीत अशी एक जागा मिळेलच आणि ती बहुधा मागच्या नव्या केलेल्या कोपऱ्यांपैकी एका बाजूला असेल. ती पोकळी पॅकिंगने भरावी. एक, दीड आणि तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्यांना बोल्टपुरती खाच पाडून घेतली, तर बोल्ट न काढता त्या आत-बाहेर सरकवता येतात. बेळगावच्या उद्यमबागेत असे पत्रे कापून देणारी दुकाने पुष्कळ आहेत. पट्टी रबर आणि चेसिस यांच्यामध्ये घालावी; रबर आणि केबिनचा पातळ पत्रा यांच्यामध्ये घातली, तर तिची कड पत्र्यात रुतते. एका जागी चार-पाच पट्ट्यांची चवड लागू लागली, तर तो पॅकिंगचा विषय उरला नाही, काहीतरी चुकीच्या उंचीवर जोडले गेले आहे, असे समजावे.

आपल्या गाडीच्या मागच्या टेकूंविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. शेव्हरोलेची ही पिकअप मालिका अमेरिकेत १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि १९५५ पर्यंत चालली. तेव्हा शेव्हरोलेच्या गाड्या मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात जुळवल्या जात. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. या मालिकेत केबिनचा पुढचा भाग रबरी गाद्यांवर टेकतो, तर मागचा भाग स्प्रिंगच्या पाट्यांना असतात तशा लहान शॅकलवर, म्हणजे हलत्या कड्यांवर, झुलता ठेवलेला असतो. चेसिसचा पीळ केबिनपर्यंत पोचू नये म्हणून केलेली ही योजना आहे. तेव्हा शॅकलचे बुश, म्हणजे त्यातल्या रबरी नळ्या, झिजले असतील किंवा कोणीतरी सोय म्हणून शॅकल काढून तिथे सरळ कंस वेल्ड केला असेल, तर मागची उंची कधीच जुळणार नाही. बुश नवे घालावेत, आणि केबिनचे पूर्ण वजन खाली आल्यावरच त्यांचे बोल्ट आवळावेत. केबिन उचललेली असताना आवळले, तर बुशाचे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते.

आता दरवाजांची भाषा वाचू. दरवाजा पुढच्या खांबावर टांगलेला असतो आणि मागच्या खांबाशी अडकतो, म्हणून मागचा खांब वर गेला की खाली हे दरवाजाच्या रेघेवरून कळते. दरवाजावरची रेघ केबिनच्या रेघेपेक्षा वर दिसत असेल, तर केबिनचा तो मागचा कोपरा खाली बसला आहे, त्याखाली पॅकिंग हवे. आपली डावी बाजू हेच सांगते आहे. चालकाच्या बाजूला दरवाजा खाली घासतो, याची दोन कारणे संभवतात. मागचा कोपरा प्रमाणाबाहेर वर आला असेल, किंवा बिजागरीची पिन झिजून दरवाजाच लोंबला असेल. दरवाजा अर्धा उघडून त्याच्या मागच्या कडेला दोन्ही हातांनी वर उचलून पाहावे. खुळखुळ जाणवली तर पिन आणि तिचे बुश बदलावेत; तो खर्च लहान आहे. खुळखुळ नसेल, तर एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, अशी ही लक्षणे केबिन कर्णात पिळली गेल्याची आहेत, आणि एकाच कोपऱ्यातल्या पॅकिंगने दोन्ही बाजू एकदम सुधारताना दिसतील.

एक अप्रिय शक्यताही सांगणे भाग आहे. बोल्ट सैल असताना दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चौकटीचे कर्ण मोजावेत. वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एक, आणि त्याच्या उलटा दुसरा. डावीकडची आणि उजवीकडची मापे एकमेकांशी जुळली तर उत्तम. ती जुळत नसतील, तर मागचे कोपरे आणि तळ कापताना चौकटींना आतून आडवे-तिरपे अँगल टाचलेले नसावेत आणि केबिन त्या वेळीच सरकलेली असावी. तसे असेल तर पॅकिंगचा उपयोग मर्यादित आहे. उंबऱ्याचा जोड उघडून, चौकट योग्य मापावर ताणून धरून, तो पुन्हा जोडावा लागेल आणि त्या भागाचा रंग पुन्हा करावा लागेल. ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी यातून एवढेच घ्यावे की पत्रा कापण्यापूर्वी चौकटींना अँगल टाचावेत, केबिन बोल्टने पक्की बसेपर्यंत ते काढू नयेत, आणि केवळ प्रायमरवर असतानाच केबिन, दरवाजे, मडगार्ड, बॉनेट हे सगळे एकदा जुळवून पाहावे. अंतिम रंग त्यानंतर. रंगवलेली केबिन जुळवताना हात आखडतो, पोगर (निमुळता लोखंडी दांडा) जोराने मारवत नाही, आणि मग बोल्टने ओढून घेण्याचा मोह होतो.

सगळे जुळले की आवळणे. वरची गादी, खालची गादी आणि त्यांच्यामधून जाणारी पोलादी नळी, अशी पुढच्या टेकूची रचना असते. नट आवळताना मोठा वॉशर नळीला टेकला की थांबावे. रबर किती दबायचे हे त्या नळीची लांबी ठरवते. बऱ्याच गाड्यांत ही नळी गंजून गेलेली किंवा हरवलेली असते आणि मग रबर चपाती होईपर्यंत नट फिरत राहतो. कोपऱ्याआड कोपरा, थोडा थोडा नट फिरवावा आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्ही दरवाजे लावून पाहावेत. फट बदलली तर तिथेच थांबून पॅकिंग सुधारावे. छिद्रे समोरासमोर येत नसतील तर पोगर घालून केबिन सरकवावी. बोल्ट ठोकून छिद्रात नेऊ नये, आटे मरतात. या अमेरिकी गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, त्यांना मेट्रिक नट लागत नाही, आणि अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्टही चालत नाही, कारण व्हिटवर्थला इंचात १२ आटे असतात आणि अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टला १३. पहिले दोन-तीन आटे फसवे लागतात, पुढे पाना जड होतो आणि मग कोणीतरी पान्याला पाइप लावतो.

केबिन आवळण्यापूर्वी स्टीअरिंग कॉलमचा डॅशखालचा कंस सैल ठेवावा. स्टीअरिंगची पेटी चेसिसवर असते आणि कॉलम तळाच्या पत्र्यातून वर येतो, त्यामुळे केबिन अर्धा इंच सरकली तरी कॉलम वाकल्यासारखा ताणला जातो आणि चाक जड फिरते. क्लच आणि ब्रेकची पेडलेही या गाडीत चेसिसवरून तळातल्या भोकांतून वर येतात. ती दाबून सोडली असता पत्र्याला घासत नाहीत ना, ते पाहावे. केबिननंतर रेडिएटरचा आधार, मडगार्डे आणि बॉनेट. हौदा सर्वांत शेवटी. हौदा आणि केबिनची पाठ यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी आणि ती बुजवण्याचा प्रयत्न करू नये, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर चेसिस लवते तेव्हा हौदा आणि केबिन वेगवेगळे हलतात.

प्रश्न : आमची विलीस जीप पिकअप पूर्वी जंगलभागात लाकूड वाहत असे. केबिनच्या टेकूंभोवतीचा पत्रा ताऱ्यासारखा फाटला आहे आणि जुनी रबरे दगडासारखी झाली आहेत. टायर कापून रबरे करून देतो असे एक कारागीर म्हणतात. दुसरे म्हणतात, रबर नकोच, थेट बोल्ट मारा. काय करावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दुसरा सल्ला मुळीच मानू नये. पत्रा फाटला आहे तो याच कारणाने. रबरे दगड झाल्यावर केबिन जवळजवळ थेट चेसिसला जखडली गेली, जंगलातल्या वाटेवर चेसिसला बसणारा पीळ टेकूंभोवतीच्या पत्र्यात उतरला आणि तो भेगाळला. चारही चाकांना जोर असलेली गाडी जिथे जाते, तिथे चेसिस पिळवटणारच.

टायरच्या तुकड्याविषयी माझे मत तितके कडक नाही, पण अनुकूलही नाही. टायरमध्ये दोऱ्यांचे थर असतात, त्यामुळे तो सगळीकडे सारखा दबत नाही, आणि कापलेल्या कडेतून ते दोरे पाणी शोषून घेतात. खानापूरच्या पावसात असा ओला तुकडा चार महिने पत्र्याला चिकटून राहिला, तर नव्या पत्र्यालाही गंज चढायला वेळ लागणार नाही. केबिन तात्पुरती टेकवून मापे घेण्यासाठी टायर चालेल. कायमसाठी निओप्रीनच्या गाद्या कराव्यात; ते रबर तेल आणि ऊन दोन्ही बऱ्यापैकी सोसते. कडकपणा विचारल्यास साधारण ६० ते ७० शोअर सांगावा. जुनी गादी नमुना म्हणून देताना हे लक्षात ठेवावे की ती दबून पातळ झालेली आहे. जाडी ठरवताना बोल्टच्या वॉशरखाली न दबलेल्या कडेचे माप घ्यावे. ती कडही झडली असेल, तर पोलादी नळीच्या लांबीवरून अंदाज येतो. दोन्ही गाद्या आणि मधला पत्रा यांची मिळून जाडी नळीपेक्षा थोडी अधिक हवी, म्हणजे नट आवळल्यावर रबरावर ताण राहतो.

फाटलेल्या पत्र्यावर नुसता वेल्डिंगचा धागा ओढू नये. प्रत्येक भेगेच्या टोकाला बारीक छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग भेग भरून, घासून, खालून तळहाताएवढी पट्टी जोडावी. पट्टीचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपऱ्यापासून नवी भेग सुरू होते. बाहेरच्या बाजूने बोल्टच्या वॉशरचा व्यासही वाढवता येईल. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. दमट हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस झाक येते, आणि तिच्यावर मारलेला प्रायमर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. गादीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच गादी ठेवावी. केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी निथळण्यासाठी ठेवलेली छिद्रे पुट्टीने किंवा सीलंटने बुजली नाहीत ना, तेही पाहून घ्यावे. बहुतेक कोपरे आतून कुजतात ते याच कारणाने.

प्रश्न : आमच्या गल्लीत क्रेन येत नाही. मोकळी केबिन चेन पुलीने उचलून चेसिसवर ठेवता येईल का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : येईल. दरवाजे, काचा, सीट आणि डॅशवरचे सामान काढलेली केबिन पाच-सहा धडधाकट माणसेही उचलू शकतात. अडचण वजनापेक्षा ती नेमक्या जागी, तोल न जाता उतरवण्याची असते, आणि त्यासाठी पुली बरी. साखळी छताला किंवा काचेच्या चौकटीला कधीही लावू नये. दोन्ही दरवाजांच्या चौकटींतून आरपार एक जाड लाकडी वासा घालावा, छताच्या कडेखाली वाशाला गोणपाट गुंडाळावे, आणि वाशाच्या दोन्ही टोकांना नायलॉनचे पट्टे बांधून ते वर पुलीला अडकवावेत. पुली ज्या तुळईला टांगणार ती जुन्या वाड्याची असेल, तर आधी तिची खात्री करून घ्यावी. केबिन टांगलेली असताना कोणीही खाली हात घालू नये. गाद्या आधीच चेसिसवर चिकटपट्टीने अडकवून ठेवाव्यात. पुढचे दोन्ही बोल्ट अडकल्यावर मागचा भाग उतरवावा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरिंग चेसिसच्या दांडीला बांधून ठेवले नसेल, तर केबिन हमखास त्यांच्यावरच बसते.

१९४९ पासूनच्या या मालिकेतल्या शेव्हरोले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. ती केबिन उचलण्यापूर्वी काढलेली असावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. टाकी आत असताना केबिनला वेल्डिंगची ठिणगीही लागू देऊ नये.

प्रश्न : केबिन नव्या रबरांवर बसवल्यापासून चोकची तार गरम होते, दिवे मंद लागतात आणि स्टार्टर कण्हत फिरतो. बॅटरी नवी आहे. वायरमनने सगळे वायरिंग दोनदा तपासले. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : वायरिंग ठीक असेल, विजेच्या परतीची वाट तुटली आहे. जुन्या गंजलेल्या टेकूंमधून केबिन आणि चेसिस यांच्यात लोखंडाला लोखंड लागत होते. आता नवी रबरे आणि जाड रंग यांमुळे केबिन विजेच्या दृष्टीने अलग पडली आहे. इंजिनही रबरांवरच बसलेले असल्याने, त्याची अर्थिंगची पट्टी परत लावायची राहिली असेल, तर स्टार्टरचा प्रवाह जी मिळेल ती वाट धरतो, आणि ती वाट म्हणजे इंजिन आणि डॅश यांना जोडणारी चोकची तार. ती लाल होऊन आग लागू शकते, तेव्हा हे काम होईपर्यंत गाडी सुरू करू नये.

विणलेल्या तांब्याच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक इंजिन ते चेसिस, दुसरी चेसिस ते केबिन. दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा, आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. आपली गाडी ६ व्होल्टची असेल, तर जोड आणखी काळजीने करावेत, कारण तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह वाहतो आणि किंचित खराब जोडही जाणवतो. शेव्हरोलेच्या पिकअपला १२ व्होल्ट १९५५ मध्ये आले, त्यापूर्वी ६ व्होल्टच होते.

प्रश्न : चेसिसचे पुढचे टोक कुजल्यामुळे दुसऱ्या, नव्या गाडीची चेसिस घालून तिच्यावर जुनी केबिन बसवावी असा विचार आहे. कागदपत्रांना अडचण येईल का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : येईल, आणि मोठी येईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची वाहने तिच्यात येतात, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. चेसिस बदलली की गाडी त्या व्याख्येतून बाहेर पडते. शिवाय नोंदणीपुस्तकातला चेसिस क्रमांक आणि गाडीवरचा क्रमांक वेगळे होतात, ते निराळेच. कुजलेले टोक त्याच मापाच्या आणि जाडीच्या पट्टीने जोडून मूळ चेसिस राखणे हाच मार्ग आहे. क्रमांक कोरलेला भाग मात्र कापू नये, घासू नये.

नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच परवानगी असते. आपली पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर अर्ज करण्यापूर्वी चिकोडीच्या आरटीओत ते पुस्तक दाखवून तिचा वर्ग कसा धरला जाईल, हे विचारून घ्यावे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे त्या काळातल्या गाडीच्या कागदांत दोन राज्यांच्या नोंदी आणि दोन क्रमांक सापडू शकतात. त्यातला कोणताही कागद जुना म्हणून टाकून देऊ नये, कारण पहिल्या नोंदणीची तारीख बहुधा त्यातल्या सर्वांत जीर्ण कागदावरच असते.

अनेक अमेरिकी पिकअपवर कारखान्याची क्रमांकाची पट्टी केबिनच्या दरवाजाच्या खांबावर रिव्हेट केलेली असते. पत्र्याचे काम करताना ती काढून एखाद्या डब्यात ठेवली जाते आणि मग डबाच मिळत नाही. ती पट्टी आणि चेसिसवरचा क्रमांक यांची पेन्सिलीने कागदावर छाप घेऊन, रंग सुरू होण्यापूर्वीच कागदपत्रांत लावून ठेवावी. चेसिस आधीच रंगवून झाली असेल, तर क्रमांकाच्या जागेवर थिनरमध्ये बुडवलेली चिंधी हलक्या हाताने फिरवावी; त्यासाठी ग्राइंडर वापरू नये.